दप्तर लपवून नेणाऱ्या मुली

पाकिस्तानच्या उत्तरेला डोंगरांच्या कुशीत स्वात नावाचे खोरे आहे. आपल्या वाचकांना हे नाव परके वाटू नये. प्राचीन काळी हा प्रदेश उद्यान अथवा उड्डियान या नावाने ओळखला जाई. सातव्या शतकात ह्यु-एन-त्संग हा चिनी भिक्खू या खोऱ्यातून गेला आणि येथील विहारांचे वर्णन त्याने लिहून ठेवले. मिंगोरा हे आज तेथले मुख्य शहर. त्याला लागूनच बुतकारा येथे मोठ्या स्तूपाचे अवशेष आहेत. थोड्या अंतरावर जहानाबाद गावाजवळच्या कड्यावर ध्यानस्थ बुद्धाची भव्य मूर्ती कोरलेली आहे. सुमारे तेराशे वर्षे ऊन, पाऊस आणि बर्फ सोसत ती तेथे बसून आहे.

२००७ साली काही हत्यारबंद माणसे त्या कड्यावर चढली. त्यांनी मूर्तीला भोके पाडून सुरुंग लावले. पहिला प्रयत्न फसला. दुसऱ्या खेपेला मूर्तीचा चेहरा उडाला.

हीच माणसे पुढच्या दीड-दोन वर्षांत मुलींच्या शाळा उडवू लागली. ज्यांना दगडातला शांत चेहरा सहन झाला नाही, त्यांना हातात पाटी-पुस्तक घेतलेली मुलगीही सहन झाली नाही. त्यांच्यासमोर कोण उभे राहिले? लष्कर पुढे आले, सरकारनेही ठराव केले. परंतु सर्वांत आधी बोलली ती शाळकरी मुले, काही तरुण मुली आणि त्यांच्या पाठीशी उभी राहिलेली मोजकी घरे. त्यातल्या मलालाचे नाव आज जगाला ठाऊक आहे. त्याच प्रांतातल्या गुलालाई आणि सबा या दोन बहिणींचे नाव मात्र आपल्याकडे फारसे कोणी घेत नाही. म्हणून दोन्हीकडची हकिगत आम्ही येथे एकत्र सांगत आहोत.

स्वयंपाकघरातला आवाज

स्वातमध्ये अतिरेकी एका रात्रीत बंदुका घेऊन उतरले, असे झाले नाही. आधी आला एक आवाज. २००५-०६ च्या सुमारास फजलुल्ला नावाच्या मौलवीने एक बेकायदा एफएम रेडिओ केंद्र सुरू केले. लोक त्याला 'मुल्ला रेडिओ' म्हणू लागले. सुरुवातीला तो काही वाईट बोलत नसे. नमाज पढा, नशापाणी सोडा, शेजाऱ्याशी नीट वागा, असे त्याचे सांगणे होते. घरातल्या बायका चुलीपुढे काम करता करता त्याला ऐकत. त्यांच्याशी इतक्या आपुलकीने बोलणारा माणूस त्यांना पूर्वी भेटला नव्हता. कित्येकींनी त्याच्या कार्यासाठी अंगावरचे दागिने काढून दिले.

पुढे सूर बदलला. गाणी ऐकू नका, टीव्ही फोडा, बायकांनी बाजारात फिरू नये, मुलांना पोलिओचे डोस देऊ नका. मग मुलींच्या शाळेची पाळी आली. अमुक गावच्या अमुक मुलीने शाळा सोडली, तिचे अभिनंदन, असे तो नाव घेऊन रेडिओवर जाहीर करू लागला. विचार करा, संध्याकाळी सगळे घर जेवायला बसले आहे आणि शेजारच्या मुलीचे नाव कौतुकाने कानावर पडते आहे. ज्या घरची मुलगी अजून शाळेत जाते, त्या बापाला दुसऱ्या दिवशी मशिदीत कोणत्या नजरेला तोंड द्यावे लागत असेल?

ही रीत आम्हाला फार महत्त्वाची वाटते. धर्मांध माणूस आधी आपला हितचिंतक बनून घरात येतो. बंदूक तो नंतर काढतो. बंदूक दिसेपर्यंत निम्मे काम झालेले असते, कारण तोवर घरातच दोन तट पडलेले असतात.

२००८ च्या अखेरीस फर्मान निघाले, की १५ जानेवारी २००९ पासून मुलींच्या सर्व शाळा बंद. तोपर्यंत अनेक शाळा स्फोटांनी जमीनदोस्त झाल्या होत्या, आणि पुढे ही संख्या शेकड्यांवर गेली. मिंगोऱ्याच्या ग्रीन चौकात सकाळी प्रेते टांगलेली दिसत. लोक त्याला खुनी चौक म्हणू लागले.

वंशावळीत लिहिलेले नाव

याच मिंगोऱ्यात झियाउद्दीन युसुफझई हे गृहस्थ एक खासगी शाळा चालवीत. शाळेला त्यांनी खुशालखान खटक या पश्तून कवीचे नाव दिले होते. त्यांना पाच बहिणी, पण त्यातली एकही शाळेत गेली नव्हती. १२ जुलै १९९७ रोजी त्यांना मुलगी झाली. पश्तून समाजात मुलगा झाला तर आनंदाने बंदुकीचे बार उडतात. मुलगी झाली तर मोठा गाजावाजा होत नाही. एका नातेवाइकाने घराण्याची वंशावळ आणून दाखवली. तीत पिढ्यान्‌पिढ्यांच्या पुरुषांचीच नावे होती. झियाउद्दीन यांनी आपल्या नावापासून खाली एक रेघ ओढली आणि लिहिले, मलाला.

१८८० साली मैवंदच्या लढाईत इंग्रजांविरुद्ध लढणाऱ्या अफगाणांना धीर देणाऱ्या मलालाई या तरुणीवरून हे नाव ठेवले होते.

मलालाची आई तोरपेकाई. तिला लहानपणी शाळेत घातले होते. पण बरोबरीच्या मैत्रिणी घरी खेळत असताना एकटीने शाळेत बसणे तिला रुचले नाही. तिने पुस्तके विकून गोळ्या घेतल्या आणि शाळा सुटली. पुढे शिकलेल्या नवऱ्याच्या घरी आल्यावर तिला त्या गोळ्या किती महाग पडल्या हे कळले. आपल्याकडच्या कितीतरी आयांना ही गोष्ट स्वतःची वाटेल.

अशा घरात वाढलेली मुलगी ११ वर्षांची असताना बीबीसीच्या उर्दू सेवेला एक गोष्ट हवी होती. तालिबानच्या सावलीत शाळेत जाणाऱ्या मुलीने रोजची हकिगत सांगावी. आधी एका मोठ्या मुलीने होकार दिला होता, पण तिच्या घरच्यांना भीती वाटली. त्यांना दोष देता येणार नाही. मग मलालाने ते काम घेतले. ३ जानेवारी २००९ पासून 'गुल मकई' या टोपणनावाने तिची रोजनिशी येऊ लागली. बातमीदार फोन करी, ती सांगे आणि तो लिहून घेई. तिने मोठी भाषणे केली नाहीत. २७ मुलींच्या वर्गात आज फक्त ११ मुली आल्या, रात्री हेलिकॉप्टरचे स्वप्न पडले, रस्त्यात मागून कोणी धमकावल्यासारखे वाटले, गणवेश घालू नका असे बाईंनी सांगितले, इतक्या साध्या गोष्टी ती नोंदवीत गेली. परंतु मुल्ला रेडिओच्या आवाजाला खोऱ्यातून गेलेले हे उत्तर होते.

शालीखालची पुस्तके

फेब्रुवारी २००९ मध्ये सरकार आणि अतिरेकी यांच्यात समझोता झाला. मुलींना चौथीपर्यंत शिकायला परवानगी मिळाली. मलाला आणि तिच्या मैत्रिणी पाचवीत होत्या. त्यांनी काय करावे? वय चोरले. गणवेश घरी ठेवून साधे कपडे घातले, पुस्तके शालीखाली दडवली आणि लहान मुली म्हणून त्या शाळेत जाऊ लागल्या. शिकवणाऱ्या बाईंनीही तेवढाच धोका पत्करला. जगात मुले शाळा चुकवण्यासाठी खोटे बोलतात. या मुली शाळेत जाण्यासाठी खोटे बोलत होत्या.

समझोता टिकला नाही. मे २००९ मध्ये लष्कराची मोठी कारवाई सुरू झाली. स्वात आणि आसपासच्या भागातून सुमारे २० लाख माणसे घर सोडून बाहेर पडली. मलालाच्या घरातली माणसेही वेगवेगळ्या ठिकाणी राहिली. जुलैमध्ये सगळे परतले, तेव्हा शाळा उभी होती.

त्यानंतर मलाला टोपणनावामागे राहिली नाही. स्वात जिल्ह्यात मुलांची एक सभा भरवली जाई. तिची ती अध्यक्ष झाली. बालमजुरी, अपंग मुलांचे शिक्षण, पडलेल्या शाळांची दुरुस्ती यांवर मुलांनीच ठराव करायचे आणि अधिकाऱ्यांकडे पाठवायचे, असे ते काम होते. २०११ मध्ये पाकिस्तान सरकारने तिला तरुणांसाठीचा राष्ट्रीय शांतता पुरस्कार दिला. त्याच वर्षी तिने एका संस्थेच्या शिबिरात भाग घेतला. ती संस्था होती 'अवेअर गर्ल्स', म्हणजे जागृत मुली.

सोळा वर्षांच्या मुलीची संस्था

स्वातच्या दक्षिणेला त्याच खैबर पख्तुनख्वा प्रांतात स्वाबी जिल्हा आहे. तेथल्या एका शिक्षकाच्या घरात गुलालाई इस्माईल आणि सबा इस्माईल या बहिणी वाढल्या. वडील मुहम्मद इस्माईल हे मानवी हक्कांसाठी काम करणारे. घरात हक्क, समता असे शब्द कानावर पडत होते. पण दाराबाहेरचे जग वेगळे होते. अफगाण युद्धाच्या काळापासून त्या सरहद्दीवर जिहादची पत्रके, जिहादसाठी वर्गणी आणि लढायला गेलेल्यांचे गोडवे हे सर्व रोजचेच होते.

गुलालाईच्या नात्यातल्या एका मुलीचे पंधराव्या वर्षी दुप्पट वयाच्या माणसाशी लग्न लावून दिले गेले. तिचे शिक्षण थांबले. त्याच घरातल्या मुलांचे शिक्षण मात्र चालू राहिले. आणि सर्वांना हे अगदी योग्य वाटत होते. गुलालाईला सर्वांत जास्त टोचले ते हेच, की ज्या मुलीवर अन्याय होतो तिलाही तो अन्याय वाटत नाही. २००२ साली, स्वतः १६ वर्षांची असताना, तिने १५ वर्षांच्या सबाला बरोबर घेऊन 'अवेअर गर्ल्स' सुरू केली.

पहिले काम अगदी साधे होते. मुलींना एकत्र बसवायचे आणि सांगायचे, की शिकणे हा तुझा हक्क आहे, लग्नाला होकार किंवा नकार देणे हा तुझा हक्क आहे, घरात होणारी मारहाण हे तुझे नशीब नाही. आज हे वाचायला सोपे वाटते. ज्या गावात मुलीने मोठ्याने हसणे हाही गुन्हा, तेथे दहा मुलींना एका खोलीत जमवायचे तर आधी दहा आयांना, दहा बापांना आणि पंधरावीस भावांना पटवावे लागते. हे काम किती चिवट असते, हे वस्तीत फिरणाऱ्या कोणत्याही कार्यकर्त्याला सांगावे लागणार नाही.

हळूहळू काम वाढले. छळ होणाऱ्या बायकांसाठी 'मरस्त्याल' या नावाने मदतीचा दूरध्वनी सुरू झाला. पश्तो भाषेत मरस्त्याल म्हणजे मदत करणारा. तरुण स्त्रियांना राजकारणात भाग घेण्याचे शिक्षण दिले जाऊ लागले. त्याची गरज किती होती, हे एका उदाहरणावरून कळेल. २०१५ मध्ये लोअर दीर जिल्ह्यात एक पोटनिवडणूक झाली, आणि त्या मतदारसंघात एकाही स्त्रीने मत दिले नाही. पुढे २०१७ च्या निवडणूक कायद्यात तरतूद झाली, की स्त्रियांचे मतदान १० टक्क्यांहून कमी असेल तर निवडणूक रद्द करता येईल. २०१८ साली शांगला जिल्ह्यातल्या एका जागेचा निकाल याच कलमाखाली रद्द झाला. शांगला हा मलालाच्या पूर्वजांचा जिल्हा.

पोरांशी कोण बोलणार?

मुलींना हक्क सांगून झाले. पण बंदूक धरणारे हात तर मुलांचे होते, आणि ती मुले आकाशातून पडलेली नव्हती. ती याच मुलींचे भाऊ, चुलतभाऊ, शेजारी होती. कोणाच्या घरी दारिद्र्य, कोणाचा नातेवाईक लढाईत मेलेला, कोणाला कोणी विचारत नाही म्हणून मनात सल. अशा मुलाला कोणीतरी गाठतो, त्याच्या खांद्यावर हात ठेवतो आणि सांगतो, तू साधा मुलगा नाहीस, तू धर्माचा शिपाई आहेस.

हे ओळखून 'अवेअर गर्ल्स'ने २०१० मध्ये तरुणांचे एक शांतता जाळे उभे केले. त्यात मुलगेही घेतले, मुलीही घेतल्या. त्यांना अहिंसा, सहिष्णुता, दुसऱ्याच्या धर्माचा आदर यांचे शिक्षण द्यायचे. मग त्यांनी आपापल्या गावी परत जायचे आणि अतिरेक्यांच्या नादी लागण्याचा धोका असलेली मुले हेरून त्यांच्याशी मैत्री करायची. लहान लहान अभ्यासमंडळे भरवायची. हिंसेने कोणाचे भले झाले, युद्धात कोण मेले, धर्मात खरोखर काय सांगितले आहे, यांवर बोलायचे. समोरचा मुलगा वाद घालील, चिडेल, उठून जाईल. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच्याकडे जायचे. पुढे सरहद्दीपलीकडच्या अफगाण तरुणांशीही हे काम जोडले गेले.

या रीतीला त्या मातीत जुना आधार होता. खान अब्दुल गफारखान म्हणजे बादशहाखान याच पश्तून समाजातले. बंदुकीशिवाय घराबाहेर न पडणाऱ्या लोकांतून त्यांनी लाखभर अहिंसक खुदाई खिदमतगार उभे केले आणि गावोगाव शाळा काढल्या. १९८७ मध्ये आपल्या देशाने त्यांना भारतरत्न दिले. तेव्हा पश्तून म्हणजे बंदूक, मुसलमान म्हणजे अतिरेकी, असा हिशेब मांडणाऱ्यांनी हेही खात्यात धरले पाहिजे. स्वातमध्ये शाळा पाडणारे मुसलमान होते. शाळेसाठी गोळी खाणारी, शिकवणारी आणि तिच्यासाठी रात्रभर दुआ मागणारी माणसेही मुसलमानच होती.

किंमत

९ ऑक्टोबर २०१२. त्या दिवशी परीक्षेचा पेपर होता. दुपारी मुली शाळेच्या गाडीतून घरी निघाल्या. वाटेत गाडी थांबवून एका बंदूकवाल्याने मलाला कोण, असे विचारले आणि गोळ्या झाडल्या. १५ वर्षांच्या मलालाच्या डोक्याला गोळी लागली. आणखी दोन मुली जखमी झाल्या. आणि त्याच दिवशी तिची आई शाळेत आली होती. तोरपेकाईने इतक्या वर्षांनी अक्षरे शिकायला त्याच दिवसापासून सुरुवात करायचे ठरवले होते.

पेशावरला शस्त्रक्रिया झाली, मग मलालाला इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या रुग्णालयात हलवले. ती वाचली. १२ जुलै २०१३ रोजी, आपल्या सोळाव्या वाढदिवशी, ती संयुक्त राष्ट्रांत बोलली. ज्याने गोळी घातली तो समोर आला आणि माझ्या हातात बंदूक असली तरी मी ती चालवणार नाही, असा त्या भाषणाचा आशय होता. आपण करुणा कोणाकडून शिकलो हे सांगताना तिने पैगंबर महंमद, येशू ख्रिस्त आणि भगवान बुद्ध यांची नावे घेतली, आणि अहिंसेसाठी बादशहाखानांचीही आठवण केली. बुद्धाचा चेहरा जेथे सुरुंगाने उडवला गेला, बुतकाऱ्याच्या ज्या अवशेषांत ती लहानपणी लपाछपी खेळली, त्या खोऱ्याची मुलगी सगळ्या जगापुढे हे बोलत होती. २०१४ साली कैलाश सत्यार्थी यांच्याबरोबर तिला नोबेल शांतता पारितोषिक मिळाले, तेव्हा ती १७ वर्षांची होती.

गोळी मात्र थांबली नव्हती. १६ डिसेंबर २०१४ रोजी पेशावरच्या सैनिकी शाळेत तालिबान्यांनी सुमारे दीडशे जणांना मारले. त्यात बहुतेक शाळकरी मुले होती. तेव्हा त्या संघटनेचा प्रमुख होता तोच जुना मुल्ला रेडिओ. मुलींच्या शाळा पाडल्या जात होत्या तेव्हा ज्यांनी हा प्रश्न फक्त मुलींचा म्हणून सोडून दिला, त्यांना पाच वर्षांनी कळले की आग मुलांच्या वर्गातही येते.

गुलालाईंचा रस्ताही सोपा नव्हता. धमक्या नेहमीच्या होत्या. २०१४ मध्ये त्यांच्या घरापर्यंत हत्यारबंद माणसे आली. एप्रिल २०१७ मध्ये मर्दानच्या विद्यापीठात मशाल खान या विद्यार्थ्याला धर्मनिंदेच्या खोट्या आरोपावरून जमावाने ठार मारले. गुलालाई त्याविरुद्ध बोलल्या. मग त्यांच्यावरही तसाच आरोप करणारा प्रचार सुरू झाला. त्या देशात हा आरोप म्हणजे मरणाची चिठ्ठी. त्यांनी घरात बसून राहण्याऐवजी आरोप करणाऱ्याविरुद्धच पोलिसांत तक्रार केली. त्याच वर्षी रशियातल्या खून झालेल्या पत्रकार अॅना पोलित्कोव्हस्काया यांच्या नावाचा पुरस्कार दोघींना मिळून देण्यात आला. एक गुलालाई इस्माईल आणि दुसऱ्या गौरी लंकेश. गौरीताईंचा ५ सप्टेंबर २०१७ रोजी बंगळूरमध्ये राहत्या घरासमोर खून झाला होता. सरहद्दीच्या दोन बाजूंच्या या दोघी एका पानावर आल्या, ही गोष्ट आपण विसरू नये.

पुढे सरकारही उलटले. पश्तून भागात सैनिकांकडून स्त्रियांचा छळ होतो, असे गुलालाई उघडपणे बोलू लागल्या. मे २०१९ मध्ये इस्लामाबादेत १० वर्षांच्या एका पश्तून मुलीवर अत्याचार होऊन तिचा खून झाला. पोलिसांनी तक्रार घ्यायला उशीर केला होता. त्याच्या निषेध सभेत गुलालाईंनी भाषण केले आणि त्यांच्यावर देशद्रोहाच्या स्वरूपाचे गुन्हे दाखल झाले. काही महिने लपूनछपून काढल्यावर त्या सप्टेंबर २०१९ पर्यंत अमेरिकेत सबाकडे पोहोचल्या. मागे राहिले वृद्ध आईवडील. वडिलांना अटक झाली, दोघांवर दहशतवादाला पैसा पुरवल्याचा खटला भरला गेला. ज्या घराने उभे आयुष्य दहशतवादाविरुद्ध घालवले, त्या घरावर हा आरोप! पुढे न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले, पण मधली वर्षे त्यांना कोण परत देणार?

कार्यकर्त्याची किंमत वर्तमानपत्रात छापून येते. त्याच्या घराने भरलेली किंमत कोणी मोजत नाही. कारकुनीत आयुष्य गेलेल्या आम्हाला जमा आणि खर्च दोन्ही बाजू पाहायची सवय आहे, म्हणून ही बाजूही नोंदवून ठेवतो.

आज काय दिसते?

जून २०१८ मध्ये फजलुल्ला अफगाणिस्तानात ड्रोन हल्ल्यात मारला गेला. त्याच वर्षी मार्चमध्ये मलाला साडेपाच वर्षांनी मायदेशी जाऊन आली. शांगलामध्ये तिच्या नोबेलच्या पैशातून मुलींची शाळा उभी राहिली आहे. २०२० मध्ये ती ऑक्सफर्डची पदवीधर झाली. तोरपेकाई इंग्लंडमध्ये लिहायला-वाचायला शिकल्या. जहानाबादच्या बुद्धमूर्तीचा चेहरा इटालियन पुरातत्त्वज्ञांनी स्थानिक लोकांच्या मदतीने काळजीपूर्वक पुन्हा घडवला. ते काम २०१६ मध्ये पुरे झाले.

परंतु डोंगरापलीकडे अफगाणिस्तानात ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबानची सत्ता आली आणि सहावीपुढच्या मुलींना शाळा बंद झाली. २३ मार्च २०२२ रोजी शाळा उघडणार असे जाहीर झाले. मुली नटूनथटून आल्या आणि काही तासांत त्यांना घरी पाठवले गेले. डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठे बंद झाली. २०२४ च्या अखेरीस सुईणी आणि परिचारिकांचे शिक्षणही बंद झाले. म्हणजे जेथे पुरुष डॉक्टरने बाईला तपासलेले चालत नाही, तेथे बाईलाही शिकू द्यायचे नाही. मग बाळंतिणीने काय करायचे? जानेवारी २०२५ मध्ये इस्लामाबादेतल्या परिषदेत मलालाने मुस्लिम देशांच्या पुढाऱ्यांना सांगितले, की या राजवटीला मान्यता देऊ नका. आजही अफगाण मुली घरांतून लपून शिकत आहेत. शालीखालची पुस्तके अजून बाहेर आलेली नाहीत.

वाचक बंधू-भगिनींनो, ही गोष्ट दूरची म्हणून आपण पान उलटू शकतो. पण स्वातच्या स्वयंपाकघरात जो आवाज रेडिओवरून शिरला, तसे आवाज आज प्रत्येक घरात खिशातल्या मोबाइलमधून शिरत आहेत. ते कोणत्या धर्माचे, कोणत्या जातीचे, हा भाग वेगळा. मुलींनी किती शिकावे, काय घालावे, कोणाशी बोलावे, हे सांगणारा आवाज आपल्या घरात कोण ऐकतो आहे? बहुतेक वेळा आपला चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा. रात्री पांघरूण डोक्यावर घेऊन, एकटा.

मुलीला शिकवले पाहिजे हे आता आपल्या वस्त्यांत बहुतेकांना पटले आहे. गुलालाई आणि सबा यांनी त्यापुढचे पाऊल टाकले. त्या मुलांपाशीही जाऊन बसल्या. त्यांचे ऐकून घेतले, वाद घातला, पुन्हा गेल्या. हे काम करायला परदेशी पुरस्कार लागत नाही, मोठे कार्यालय लागत नाही. संध्याकाळी कामावरून आल्यावर एक तास लागतो, आणि मुलगा उठून गेला तरी दुसऱ्या दिवशी त्याला पुन्हा हाक मारण्याची चिकाटी लागते. आम्ही आमच्या घरी सुरुवात केली आहे. पहिल्या दिवशी तो उठून गेला.